बाविसाव्या खुर्चीची पाळी

ही गोष्ट खरी आहे.

हिला एकवीस साक्षीदार आहेत. त्या एकविसांतला एकही जण भूत मानत नाही. देव मानत नाहीत, नशीब मानत नाहीत. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देतात आणि पुढे चालू लागतात.

अशा माणसांनी भरलेल्या खोलीत हे घडलं.

रात्र नव्हती. रविवार होता. दुपारचा पाऊण वाजला होता आणि खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे माझं रोजचं काम. बंद जागेत माणसं कशी वागतात ते मी शेकडो वेळा पाहिलंय. आधी हसतात. मग चिडतात. मग गप्प होतात.

त्या दिवशी तिन्ही गोष्टी याच क्रमाने झाल्या.

सभेच्या वहीची पानं माझ्या मोबाइलमध्ये आहेत. आत्याच्या हातची. त्यातले विषय आहेत तसे देतोय. दुसरं कसं सांगायचं ते मला सुचत नाही.

विषय क्र. १ : उपस्थिती

"मंडळाच्या पन्नासाव्या वार्षिक सभेस एकवीस सभासद हजर. गणसंख्या पूर्ण. पाहुणे एक."

पाहुणे एक म्हणजे मी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं मंडळाची सचिव. मंडळ कसलं, तर माणसाने कुणाच्या भीतीने नाही, समजून-उमजून चांगलं वागावं असं मानणाऱ्यांचं. महिन्यातून एकदा जमायचं, एखाद्या प्रश्नावर कडाकडा भांडायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. वर्षातून एकदा वार्षिक सभा. तिला एकवीस जण हजर नसतील तर ती सभा धरतच नाहीत.

आत्याची साखर फार वरखाली व्हायला लागली होती. ही तिची शेवटची सभा. सभा झाली, जेवण झालं, की मी तिला कायमची आमच्याकडे घेऊन जाणार होतो.

जागा चष्म्याच्या दुकानावरची. सतरा पायऱ्या चढल्या की एकच लांबट खोली. दोन खिडक्या, एक दार. सकाळी खुर्च्या मीच मांडल्या. लोखंडी, घडीच्या, गोल करून. मंडळात पुढची रांग-मागची रांग नसते. गोलात एकवीस, आणि दाराजवळ माझी एक.

मोबाइल खाली दुकानात टोपलीत ठेवायचे. "ज्याला वाजायचंय त्याने खाली वाजावं," आत्या म्हणाली.

सगळे आले. सगळे बसले.

आणि गोलात एक खुर्ची रिकामी राहिली...

मी माणसं मोजली. एकवीस. माझी सोडून गोलातल्या खुर्च्या मोजल्या.

बावीस.

"आत्या, एक जास्त झालीय. काढू?"

आत्याने त्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"असू दे," ती म्हणाली. जरा घाईनेच.

विषय क्र. २, ३, ४

यांत भुताचं काही नाही. भाषणं आहेत.

फक्त एक सांगतो. साडेबारा वाजता आत्या उठून कोपऱ्यात गेली, पाठ वळवून पोटावर इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि परत येऊन बसली. तिचं गणित पक्कं असतं. साडेबाराला सुई, एक वाजता पहिला घास. डबे खाली दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन पडले होते. सभा पाऊण वाजता संपणार, असं पत्रिकेत छापलेलं होतं.

ज्यांच्या घरी ही सुई आहे त्यांना माहीत असेल. एकदा घेतली की खावंच लागतं. नाही खाल्लं, तर साखर उतरत जाते. घाम... थरथर... मग शुद्ध.

विषय क्र. ५ : सभा समाप्त करणे

मंडळात अध्यक्ष उठला म्हणून सभा संपत नाही. एकापासून सुरुवात करून गोलाने पुढे जायचं. प्रत्येकाने आपल्या पाळीला म्हणायचं, "माझं झालं." ज्याचं काही राहिलं असेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सगळ्यांचं झालं तरच सभा संपते. कुणी कुणाच्या वतीने "झालं" म्हणायचं नाही. मंडळाच्या नियमांत हा पहिला.

त्या वर्षी अध्यक्ष होते निवृत्त न्यायाधीश. सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणतात. त्यांनी सुरुवात केली.

"माझं झालं."

"माझं झालं." हे दातांचे डॉक्टर.

"माझं झालं."

"माझं झालं."

"माझं झालं. भूक लागलीय."

हशा.

"माझं झालं."

...

...

पाळी त्या रिकाम्या खुर्चीवर आली होती.

आता रिकाम्या खुर्चीला ओलांडून पुढे जायला काय लागतं? काहीच नाही. पण सगळे थांबले. एखाद्याने बोलायला श्वास घेतला की आपण थांबतो ना... तसे.

मग हसले. जज्जसाहेब म्हणाले, "अहो, रिकामी आहे ती. चला, पुढे. मावशी, तुमचं?"

खुर्चीपलीकडे शिलाईवाल्या मावशी बसल्या होत्या. साठीच्या, खणखणीत बाई. त्यांनी तोंड उघडलं.

"माझी पाळी नाही आली अजून," त्या म्हणाल्या.

आणि स्वतःच दचकल्या.

"असं काय करता? म्हणा की."

"म्हणतेय की! माझी... माझी पाळी नाही आली अजून." त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई."

जज्जसाहेबांनी त्यांच्या पलीकडच्याला विचारलं. त्याच्या पलीकडच्याला विचारलं. सगळ्यांच्या तोंडून तेच.

तेवढ्यात आवाज आला.

टक...

टक... टक...

लोखंडावर काहीतरी बारीक आपटल्यासारखा. पेन्सिलीचं टोक वगैरे.

मी बघत होतो. कुणाच्याही हातात पेन्सिल नव्हती. पण त्या आवाजाने एकेक चेहरा असा उतरला, की मला कळलं, हा आवाज इथे सगळ्यांना ओळखीचा आहे. मला सोडून.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं.

नोंद नसलेला विषय

"पुरे झालं," दातांचे डॉक्टर चिडून म्हणाले. "उठा सगळे. जेवायला चला."

कुणी उठलं नाही.

ते स्वतःही उठले नाहीत.

"उठा ना, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच आधी."

"उठतो."

पण बसलेलेच. पन्नास वर्षांची सवय म्हणा, दुसरं काही म्हणा.

मी सभासद नव्हतो. मी उठलो. आत्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. म्हटलं, खाली जातो, डबा घेऊन येतो. एवढं काय त्यात?

दार उघडलं. उतरलो. आठ पायऱ्या, वळण, नऊ पायऱ्या. खालचं दार ढकललं.

समोर एकवीस माणसं गोल करून बसली होती. माझ्याकडे बघत.

मी दार लावलं. डोळे चोळले. पुन्हा उतरलो. मोजत. आठ... वळण... नऊ. ढकललं.

आत्या खुर्चीत एका बाजूला कललेली.

तिसऱ्या वेळी मी उलटा गेलो. खालच्या दारातून माघारी फिरून वर चढलो. सतरा चढलो. तरी तीच खोली, तीच माणसं, तीच खुर्ची.

कामावर अडकलेल्या माणसाला मी पहिलं वाक्य हेच सांगतो... घाबरू नका, दार आहे, ते उघडेल.

इथे दार उघडत होतं. दर वेळी उघडत होतं.

मी खिडकीकडे धावलो. खाली फुटपाथवर चष्मेवाला दुकानाची काच पुसत होता. ओरडलो, "काहीतरी गोड फेका वर! साखर! आत्याला त्रास होतोय!"

त्याने वर पाहिलं. हसला. हाताने "सावकाश, सावकाश" अशी खूण केली आणि काच पुसत राहिला.

"कुणाकडे काही गोड आहे का? गोळी, चॉकलेट, काहीही?"

वीस माणसांनी वीस पिशव्या उपसल्या. या खोलीत गोड आणायला दातांच्या डॉक्टरांनीच बंदी केलेली. पंधरा वर्षं सगळ्यांचे खिसे तपासत आलेला माणूस. शेवटी त्यांच्याच खिशात खोकल्याची एक गोळी निघाली.

त्यांनी वेष्टन वाचलं. मान खाली घातली.

"बिनसाखरेची आहे."

टक... टक...

एक वाजून पंचवीस.

आत्याची बोटं थरथरत होती. मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो.

"आत्या, काय चाललंय हे? कोण आहे ते?"

"तिची पाळी आहे," आत्या म्हणाली. "प्रूफबाईची."

मागील इतिवृत्तातील दुरुस्ती

प्रूफबाई कोण, ते आत्याने सांगितलं. धापा टाकत, मध्ये मध्ये शब्द हरवत. मी सरळ करून लिहितो.

आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली म्हणून प्रूफबाई. लाल पेन्सिल सदा हातात. हॉटेलात गेली तरी मेनूकार्डावर खुणा करायची. सभेत तिची पाळी आली की ती कधी सरळ "माझं झालं" म्हणायची नाही. पेन्सिल खुर्चीवर टकटक वाजवायची आणि म्हणायची, "एक बारीकशी दुरुस्ती आहे." मग अर्धा तास. सगळे कंटाळायचे. पाठीमागे नकला करायचे.

दीड वर्षापूर्वी ती गेली.

तिने देहदानाचा अर्ज भरला होता. विधी काही करायचे नाहीत, देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा. त्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही आत्याची.

तिच्या भावाने ऐकलं नाही. आपल्या पद्धतीने सगळं उरकलं.

"मी गेले होते रे," आत्या म्हणाली. "अर्ज घेऊन. दारापर्यंत गेले. आत खूप माणसं होती, भाऊ रडत होता. मी अर्ज पिशवीतून काढलाच नाही. परत आले."

मग मागच्या वर्षीची सभा. विषय एकच. भावाला जाब विचारायचा, की प्रकरण मिटवायचं? मिटवावं असंच सगळ्यांच्या मनात होतं. पण हजर होते वीस. एक कमी. सभाच धरली गेली नसती.

"मी वहीत तिचं नाव लिहिलं," आत्या म्हणाली. "हजर."

मावशींनी वहीवरून नजर काढून घेतली. आत्या पुढे सांगू लागली.

"सगळ्यांनी पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही. प्रकरण मिटवायचा ठराव केला. एकवीस विरुद्ध शून्य. तिच्याच विरुद्ध तिचं मत. आणि शेवटी पाळी तिच्या नावावर आली तेव्हा..."

"सचिवबाई, नका बोलू," जज्जसाहेब म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता.

"...तेव्हा मी म्हटलं, तिचंही झालं."

टकटक थांबली.

"आम्ही हसलो," मावशी हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, यंदा लवकर सुटलो बाई."

आत्या उभी राहिली. मी धरली म्हणून. कपाळावरचा घाम हनुवटीवरून टपकत होता.

"दुरुस्ती नोंदवा," ती म्हणाली. "ती हजर नव्हती. मी खोटं लिहिलं. तिचं झालं नव्हतं."

जज्जसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझं झालं. माझं झालं. पाळी फिरत फिरत खुर्चीपाशी आली.

आम्ही वाट पाहिली.

...

...

...

काही नाही.

"बाई, बोला हो," दातांचे डॉक्टर रडकुंडीला आले. "काय म्हणायचंय ते म्हणा. आम्ही ऐकतोय."

काही नाही. श्वास घेऊन थांबल्यासारखी ती शांतता, तेवढीच.

आत्याचे शब्द जड व्हायला लागले होते. दारूच्या नशेत बोलावं तसे. दारूला न शिवणाऱ्या माणसांचा हा आवाज मी लिफ्टमध्ये ऐकलाय, साखर उतरली की येतो तो. आता फार तर दहा मिनिटं.

मी जज्जसाहेबांची कॉलर धरली. खोटं कशाला बोलू.

"कोर्ट चालवलंत ना आयुष्यभर? काहीतरी वाट असेल! एखादी सभा न संपवता लोकांना घरी सोडायची काहीतरी वाट असेल!"

त्यांनी पापण्यांची उघडझाप केली. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"तहकूब," ते म्हणाले. "संपवायला सगळ्यांची संमती लागते. तहकूब करायला फक्त सचिवाची सही. पण पुढची वेळ आणि ठिकाण लिहावं लागेल. आणि ती सभा होईपर्यंत जबाबदारी सचिवावर. एकट्यावर."

"दे वही," आत्या म्हणाली.

मी तिच्या बोटांत पेन अडकवलं. तिने लिहिलं. तेवढ्या दोन ओळी वहीत वेड्यावाकड्या आहेत, बाकी सगळं अक्षर मोत्यासारखं:

"सभा तहकूब. ठिकाण : सचिवांचे राहते घर. वेळ : जिचे राहिले आहे ती ठरवेल तेव्हा."

खाली सही.

खुर्ची करकरली... कुणीतरी उठल्यावर करकरते तशी.

मी आत्याला उचललं आणि धावलो. सतरा पायऱ्या. खाली चष्म्याचं दुकान, डबे, ऊन, रस्ता. चष्मेवाल्याच्या चहाच्या साखरेचा डबा मी तिच्या तोंडात रिकामा केला.

ती वाचली.

ती सावध झाल्यावर मी चष्मेवाल्यावर भडकलो. मी वरून बोंबलत होतो आणि हा हसतो काय?

तो गोंधळला. "तुम्ही कुठे होता खिडकीत? एक बाई होत्या. म्हणाल्या, जेवण थांबवा, माझं अजून व्हायचंय."

विषय

याच्यापुढे वहीत आज सकाळपर्यंत काही लिहिलेलं नव्हतं.

आत्या आमच्याकडे आली त्याला आता तीन महिने झाले. मागची खोली तिची. साखर ताब्यात. बायकोचं आणि तिचं गूळपीठ जमलं. मी एकदा तो विषय काढला तर म्हणाली, "ते माझ्याकडे आहे. तू तुझ्या लिफ्टा बघ."

आज रविवार.

सकाळी दहाला बेल वाजली. शिलाईवाल्या मावशी. "सहज आले रे. इकडूनच चालले होते." आमचं घर त्यांच्या घरापासून दीड तासावर आहे.

सव्वादहाला दातांचे डॉक्टर. सहज.

मग जज्जसाहेब. मग आणखी दोघं. मग बेल वाजतच राहिली. कुणी कुणाला कळवलं नव्हतं. एकमेकांना बघून दचकत होते आणि जागा धरून बसत होते.

"तू बोलावलंस यांना?" मी आत्याला विचारलं.

"मी कशी बोलावणार?" ती म्हणाली. "वेळ ठरवायची तिने."

बायकोला मी माहेरी पाठवून दिलं. मुलीला घेऊन. ती विचारत राहिली, झालंय काय. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो.

साडेबाराला आत्याने इंजेक्शन घेतलं. नेहमीसारखं. घ्यावंच लागतं. मी ताट वाढायला घेतलं तर म्हणाली, "दोन मिनिटं थांब." वही घेतली. पेन घेतलं. खोलीच्या दाराशी थांबली.

"आत येऊ नकोस. तिचं पुन्हा अर्धवट तुटलं, तर मी यातून कधीच सुटायची नाही."

दार लोटलं.

बाहेरच्या खोलीत वीस जण बसलेत. मी मोजलेत. आत आत्या. एकवीस.

मी दाराशी उभा आहे. एका हातात ताट. दुसऱ्या हाताने आजचं एवढं टाइप करतोय, आधीचं सगळं लिहून ठेवलेलं होतं. दाराला कडी नाही, नुसतं लोटलेलं आहे.

आत आत्या बोलतेय. बोलते... थांबते... मग कागदावर पेनाची सरसर. मग पुन्हा तिचाच आवाज:

"हो. लिहिलं. पुढे?"

दुसरा आवाज मला ऐकू येत नाही. फक्त थांबणं ऐकू येतं.

एक वाजून गेला. मी दारावर हात ठेवला तर मागून जज्जसाहेब म्हणाले, "मध्ये बोलू नका. त्यांचं चाललंय."

"कुणाचं? आत्याचं?"

वीसच्या वीस जण माझ्या हातातल्या ताटाकडे बघतायत.

एक वाजून वीस.

मी आत शिरलो तर तिचं तुटेल, आणि आत्या जन्मभर त्या वहीत अडकेल. नाही शिरलो तर आत्या आत्ता, या दाराच्या पलीकडे... हे वाचणाऱ्या कुणाला काही सुचत असेल तर सांगा. लवकर सांगा.

सरसर थांबली.

"हो," आत्या म्हणतेय. शब्द जड झालेत, जीभ अडखळतेय. "लि... लिहिलं."

बराच वेळ काही नाही.

"पुढे?"